मदत हवी आहे: प्रोव्हान्समध्ये गाडीशिवाय निसर्गचित्रण, मुक्काम कुठे?

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघी दक्षिण फ्रान्सला, प्रोव्हान्समध्ये निसर्गचित्रं करायला जातोय. लव्हेंडर तोवर कापून झालेला असतो, माहीत आहे. आम्हाला हवाय चित्रकार सेझानने वारंवार रंगवलेला सँत-व्हिक्त्वार डोंगर आणि सँ-रेमी गावची ऑलिव्हची झाडं, जिथे व्हॅन गॉग १८८९-९० मध्ये होता.

व्हिसा, विमान झालंय. गाडी दोघीही चालवत नाही. एक्स (एक्स-आं-प्रोव्हान्स) शहरात राहिलं तर थोलोने गावाच्या रस्त्याने चालत निघून डोंगर समोर मिळतो. सँ-रेमीला मात्र रेल्वे नाही, आव्हिन्यों किंवा आर्लहून बस धरावी लागते. त्या बसने सकाळचा कोवळा उजेड गाठता येईल का, शंकाच आहे.

रंग ऑइल, फोल्डिंग ईझल, छोटे बोर्ड. टर्पेंटाइन विमानात चालत नाही, ते तिथेच घेऊ. (जलरंग न्या, असं कृपया सुचवू नका!) तिकडच्या जोरदार मिस्ट्रल वाऱ्यासाठी ईझलला दगडांची पिशवी लटकवू.

तिकडे चित्रं काढून आलेल्यांना दोनच प्रश्न: सगळा मुक्काम एक्सलाच ठेवावा, की अर्धे दिवस सँ-रेमीत राहावं? आणि न वाळलेले ऑइलचे बोर्ड विमानातून परत कसे आणलेत?