आवाजानं आग विझते म्हणे, तं फायरवाल्यांनी आता डीजे घ्यावा का?

बर्डीवाला: काल फॅमिली ग्रुपवर तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरून राहिला होता. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी २०१५ मध्ये बनवलेलं यंत्र, पुढं नळी, त्यातून ३० ते ६० हर्ट्झचा घुमणारा आवाज सोडला की तव्यातली आग गुल. पाणी नाही, पावडर नाही, मागून किचन धुवायची झंझट नाही. मी तं म्हणतो प्रत्येक फ्लॅटमध्ये गॅसच्या वर हेच लावा.

तर्रीपोहे: काहून बे, तव्यातल्या स्पिरिटवर विझलं म्हणजे झालं का? पाणी उष्णता ओढून घेते. आवाज फक्त ज्योतीजवळची हवा जोरात मागंपुढं हलवते, ज्योत तुटते, बस. खालचं लाकूड लाल आहे ते लालच राहते. फुंकरीनं दिवा विझते आणि फुंकणीनं चूल पेटते, हवा तीच आहे ना बावा.

कूलर_रिपेअर: मी घरी करून पाहिलं, हसू नका. जुन्या सबवूफरच्या भोकासमोर पणती ठेवली, मोबाईलवरून ४० हर्ट्झ सोडलं, विझली एकदम. मग जोश आला म्हणून धुमसती गोवरी ठेवली तं ती अजून लाल झाली, ठिणग्या चादरीवर, आणि बायकोनं मलाच विझवलं. तर्रीपोहे बरोबर आहे.

बर्डीवाला: गोवरीसाठी कोण म्हणते? तेलाच्या आगीचं बोला. तिथं पाणी टाकलं तं भडका उडते, इलेक्ट्रिक पॅनलवर पाणी चालतच नाही. आणि अमेरिकेच्या डार्पानं, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनं पण दोन स्पीकर समोरासमोर ठेवून हे करून पाहिलं होतं, ते का वेडे आहेत?

तर्रीपोहे: वेडे नाहीत, पण मोठ्या आगीवर जमवायचं कसं हे त्यांनाही सुटलं नव्हतं. कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांचा ढीग पेटला तं काय वाजवशील, बेंजो?

मानेवाडा_काकू: फायर कॉलेज आपल्याच नागपुरात आहे, द्या त्यांना ट्राय करायला. पण माझ्याकडं भज्याच्या कढईनं पेट घेतला होता तेव्हा गॅस बंद केला आणि वरून परात झाकली. खेळ खलास.

बर्डीवाला: काकू, परात झाकायला कढईजवळ जावं लागते. मी लांबून विझवायचं म्हणून राहिलो.

तर्रीपोहे: लांबून? ती पोरं यंत्र आगीच्या किती जवळ धरून उभी आहेत ते पुन्हा पाहून ये भाऊ.