मुलाची उंची वाढत नाहीये, ग्रोथ हार्मोनची टेस्ट कमी आलीय, अनुभव असेल तर प्लीज सांगा

नमस्कार, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मुलगा ९ वर्षांचा, उंची ११७ सेंमी. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर पाडव्याला पेन्सिलीने खूण करतो, शेवटच्या दोन खुणांमध्ये माझी दोन बोटं कशीबशी मावतात, टेपने मोजलं तर साडेतीन सेंमी. धाकटी ६ वर्षांची आहे, तिची खूण आता त्याच्या जवळ आलीय. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला गेलो तर नंबर गेल्या वर्षीचाच, दुकानदार म्हणाला जुनेच चालतील की, आणि पोरगं मान खाली घालून उभं राहिलं. ते डोक्यातून जातच नाहीये.

सासूबाई म्हणतात ह्याचा बाप पण अकरावीत गेल्यावरच उंच झाला, थांब जरा. खरंय ते, म्हणूनच एक वर्ष थांबलो. मग जवळच्या लॅबमध्ये सरळ ग्रोथ हार्मोनच तपासून घेतलं, ते जवळजवळ शून्य आलं, रात्रभर झोप नाही. मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूलाच ठेवला. म्हणाले मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी असते, तिला वरून हायपोथॅलॅमस सांगतो कधी सोडायचं कधी थांबायचं, आणि हे हार्मोन दिवसभर सारखं वाहत नाही, थोड्या थोड्या वेळाने उसळी मारतं, जास्त करून रात्री गाढ झोपेत, त्यामुळे दुपारी रक्त घेतलं तर उंच मुलाचं पण शून्याजवळ येऊ शकतं. त्याऐवजी आयजीएफ-१ बघायला लावलं, ते ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः लिव्हर बनवतं आणि दिवसभर साधारण सारखं राहतं. ते वयाच्या मानाने कमी आलं. थायरॉईड ठीक, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारखी ती सिलिअ‍ॅकची टेस्ट पण ठीक. डाव्या हाताच्या एक्सरेत हाडांचं वय साडेसहा. मग ग्रोथ हार्मोनला उसळी मारायला लावणारी क्लोनिडिनची गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं, सगळ्यात जास्त ५.८ आलं, १० च्या वर हवं होतं म्हणे.

आता ग्लुकॅगॉन देऊन परत तसलीच टेस्ट आणि एमआरआय सांगितलाय. एकदा कमी आलंय तर परत टोचायचं कशाला? आणि बापासारखा उशिरा वाढणारा असेल तर उगाच इंजेक्शन सुरू होणार नाही ना? सासूबाई विचारतात हे हार्मोन काढतात कशातून, मला उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद:

ताई, आमच्या मुलीचं इंजेक्शन ३ वर्षं चालू आहे म्हणून लिहितेय. दुसरी टेस्ट टाळू नका, नॉर्मल मुलांचं पण एखाद्या टेस्टला कमी येतं, म्हणून दोन करतात. एमआरआयमध्ये ग्रंथी लहान आहे का, तिथे गाठ वगैरे नाही ना ते बघतात, आमच्याकडे ग्रंथी लहान निघाली.

बापाचं म्हणाल तर उशिरा वाढणाऱ्या मुलाच्या हाडांचं वय पण मागे असतं, एक्सरेवरून नाही कळत. पण अशी मुलं बुटकी असली तरी वर्षाला साधारण ४-५ सेंमी वाढत राहतात, तुमची चौकट साडेतीन सांगतेय. त्या खुणांचा फोटो तारखांसकट डॉक्टरांना दाखवाच.

सासूबाईंना सांगा, पूर्वी मेलेल्या माणसांच्या पिट्युटरीतून काढायचे, त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं कळलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेत ते बंद केलं. आता लॅबमध्ये जीवाणूंकडून वगैरे बनवून घेतात. पेन असतं, बारीक सुई, रोज रात्री, जागा बदलत. फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये अजिबात नाही, एकदा गोठलं की वाया. पहिल्या वर्षी आमची ९ सेंमी वाढली. डोकं खूप दुखलं किंवा धूसर दिसलं तर लगेच फोन करायचा, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं.

ग्लुकॅगॉनने मळमळतं, आमची दोनदा उलटी झाली, आणि नंतर साखर उतरू शकते. उपाशीपोटी जायचंय, तर त्याच्या आवडीचा डबा घेऊन जा, आणि त्याने तो नीट खाल्ल्याशिवाय तिथून निघू नका.