शब्दचर्चा : ‘वडिलांवर जाणे’ आणि ‘आनुवंशिक’

प्रश्न : गायिका हिराबाई बडोदेकरांविषयीच्या टिपणात ‘गळ्याच्या बाबतीत त्या वडिलांवर, अब्दुल करीम खाँसाहेबांवर, गेल्या होत्या’ असे मी लिहिले होते. संपादकांनी हा बोलीतील प्रयोग ठरवून ‘त्यांना गाण्याचा अनुवांशिक वारसा लाभला होता’ असा बदल केला. ‘एखाद्यावर जाणे’ हे औपचारिक लेखनात खरोखरच वर्ज्य आहे का?

प्रतिसाद १ : मुळीच नाही. मात्र त्याला एक मर्यादा आहे. माझी आजी नाक, चाल आणि राग यांसाठी ‘बापावर गेला’ म्हणत असे. शिकून आलेल्या गोष्टीसाठी कधीच नाही. आईसारखी पातळ पोळी लाटणारी मुलगी तिच्या लेखी ‘आईवर गेलेली’ नसे, तिने आईचे ‘वळण उचललेले’ असे. म्हणून ‘गळा’ वडिलांवर जाईल, ‘गायकी’ जाणार नाही.

प्रतिसाद २ : हा भेद इथे फार महत्त्वाचा आहे. आईवडील विभक्त झाल्यावर हिराबाई आणि त्यांची भावंडे आईकडे वाढली. हिराबाईंना तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँ आणि थोरले बंधू सुरेशबाबू माने यांच्याकडून, आणि धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे या दोघा भावंडांकडे शिकल्या. एवढ्या मेहनतीला जन्मजात ठरवणारा शब्द मला अन्यायाचा वाटतो.

प्रतिसाद ३ : मुळात ‘अनुवांशिक’ हा शब्दच अशुद्ध आहे. ‘अनुषंग’पासून ‘आनुषंगिक’ होते, तसे ‘अनुवंश’पासून ‘आनुवंशिक’. वृद्धी, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होणे, ही पहिल्या स्वराची होते.

प्रतिसाद ४ : नियम मान्य आहे, परंतु ‘वांशिक’ हा शब्द कानात पक्का बसलेला असल्यामुळे बोलणारा त्यालाच ‘अनु’ जोडतो. वर्तमानपत्रांत आणि दवाखान्यांत रुळलेल्या रूपाला केवळ व्याकरणाच्या आधारे अशुद्ध म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद ३ : ‘वांशिक दंगल’ आणि ‘आनुवंशिक आजार’ यांत वंशाचा अर्थ एक नाही. रूप सैल केले की अर्थही सैल होतो.

प्रतिसाद ५ : ‘पिढीजात’ घेतल्यास हा वाद राहणार नाही.

प्रतिसाद १ : धंदा, जमीन आणि वैर पिढीजात असते, आवाजाला तो शब्द लावलेला मी ऐकलेला नाही.

प्रतिसाद २ : मग ‘घराणे’ का नको? गायक सवाई गंधर्व खाँसाहेबांचे नातलग नव्हते, शिष्य होते. तरीही गायकीच्या किराणा घराण्यात ते हिराबाईंच्या बरोबरीने येतात.

प्रतिसाद ४ : त्याने तालमीचा प्रश्न सुटतो, गळ्याचा नाही, आणि ‘अनुवांशिक’विषयीचे माझे मत कायम आहे.