घरामागच्या परसातून मृगाचा तेजोमेघ: फिल्टर घ्यावा की ट्रॅकर?

परसदार_रावेत

नमस्कार मंडळी. पुण्यात रावेतला आमचं रो-हाउस आहे, मागे छोटंसं परस. दक्षिणेकडचं आकाश मोकळं आहे, उत्तरेला घराचीच भिंत आणि वर पाण्याची टाकी. त्यामुळे मृग, व्याध सुरेख दिसतात, ध्रुवतारा मात्र अजिबात दिसत नाही. मागच्या रस्त्यावर पांढरा एलईडी दिवा आहे, त्याचा झोत थेट आमच्या जास्वंदीवर येतो.

कॅमेरा कॅनन 1500डी, जुनी 135 मिमीची एफ 2.8 लेन्स, साधा ट्रायपॉड. एकेक सेकंदाचे शेकडो फोटो काढून सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केले, म्हणजे एकत्र करून एकच फोटो बनवला. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जी अंधूक ओळ लटकते, तिच्यातल्या मधल्या ठिपक्याला, म्हणजेच तेजोमेघाला (वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाला), चक्क पंख फुटलेले दिसले! सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "हे आपल्या मोरीच्या वरच्या आकाशात आहे?" पण पार्श्वभूमी राखाडी-पिवळट येते, एक कोपरा जास्त उजळ, आणि पंखांची टोकं त्यातच विरून जातात. मधला भाग पांढराफटक.

पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर घेऊ की ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर? की गाडी काढून वेल्ह्याकडे, अंधाऱ्या आकाशाखाली जावं? मुलगा लहान आहे, रात्रभर बाहेर राहणं जमत नाही. मला मनापासून घरूनच करायचंय.

नाना_चिंचवड

ताई, ट्रॅकर घ्या. फिल्टर आत्ता नको.

प्रकाशप्रदूषणाचे जुने फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी बनले होते. तो प्रकाश 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो, तेवढा पट्टा कापला की काम व्हायचं. पांढरा एलईडी सगळ्याच रंगांत पसरतो, त्यात कापणार काय? दुसरा प्रकार म्हणजे ड्युअल नॅरोबँड: हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा 501 चा हिरवट निळा, एवढेच दोन अरुंद पट्टे आत सोडतो. हा फिल्टर उत्तम आहे, शहरातून तेजोमेघ टिपणाऱ्यांना वरदानच. पण आत येणारा प्रकाश इतका कमी होतो की एकेक एक्स्पोजर मिनिटांचं द्यावं लागतं, आणि ते ट्रॅकरशिवाय होत नाही. शिवाय तुमच्या 1500डीच्या सेन्सरपुढे कंपनीने बसवलेली काच तो 656 चा लाल बराचसा अडवते. म्हणून क्रम असा: आधी ट्रॅकर, मग जमलं तर कॅमेरा मॉडिफाय करणं (म्हणजे ती काच काढून किंवा बदलून घेणं), आणि शेवटी फिल्टर.

आता हिशेब बघा. तुमच्या लेन्सवर एक पिक्सेल म्हणजे आकाशातले साधारण साडेपाच विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). मृगाजवळचा तारा सेकंदाला 15 विकला सरकतो, म्हणजे एका सेकंदातच अडीच-पावणेतीन पिक्सेल. ट्रॅकर नसेल तर तुम्ही एक सेकंदाच्या पुढे जाऊच शकत नाही.

ट्रॅकरचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण ध्रुव दिसत नाही याची काळजी करू नका. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो. ट्रॅकरचा अक्ष फोनच्या लेव्हल अ‍ॅपने तेवढा वर करा आणि होकायंत्राने उत्तरेला लावा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. फक्त होकायंत्र लोखंडी ग्रिल किंवा गाडीजवळ धरू नका, काटा बहकतो. अक्ष एक अंशाने चुकला तरी 30 सेकंदांत तारा जेमतेम दीड पिक्सेल सरकेल. 135 मिमीला एवढं चालून जातं. पुढे मोठी लेन्स आली की ताऱ्याचं सरकणं बघून अक्ष जुळवायची ड्रिफ्ट पद्धत शिका.

एक्स्पोजर 20 ते 30 सेकंद, आयएसओ 800 किंवा 400. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून एक तृतीयांशावर आला की थांबा. शहरात त्याहून लांब एक्स्पोजरने काहीही मिळत नाही. आकाश इतकं उजळ असतं की कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज (रवाळपणा) त्यात बुडून जातो. आपल्याला मिळवायचा असतो एकूण वेळ. नॉइज निम्मा करायला चौपट फोटो लागतात, त्याला पर्याय नाही.

वेल्ह्याबद्दल म्हणाल तर फरक मोठा आहे, हे खरंच. आकाशाची पार्श्वभूमी तीन प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्विता मोजायचं माप) काळी मिळाली तर तिथला एक तास घरच्या सोळा तासांना भारी पडतो. पण ते सोळा तास एकाच रात्रीत काढायचे नसतात. जानेवारीच्या मध्यात मृग रात्री साडेदहाच्या सुमारास सगळ्यात वर असतो. रोज दीड-दोन तास परसात लावून ठेवा आणि सगळ्या रात्री एकत्र स्टॅक करा. अमावास्येच्या आगेमागेचा आठवडा सोडू नका. घरी हे जमतं, वेल्ह्याला रोज कोण जाणार?

आणि त्या दिव्याचं काहीतरी करा, हे तर पैसे न लागणारं काम आहे. कॅमेरा मृगावर रोखल्यावर पुढे येऊन लेन्सच्या काचेत बघा. कडेला दिव्याची ठिणगी चमकत असेल तर तुमचा उजळ कोपरा बहुतेक तिथूनच येतोय. काळ्या कार्डशीटचा लांब हूड करा, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर दिव्याच्या बाजूला काळी चादर टाका.

सिरिल_नाशिककर

नानांशी पूर्ण सहमत. मी फक्त प्रोसेसिंगचं लिहितो.

फ्लॅट, म्हणजे एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो, काढताय का? लेन्सवर पांढरा सुती टी-शर्ट ताणून बसवा, वर टॅबलेटचा पांढरा स्क्रीन धरा आणि वीस-तीस फोटो घ्या. फोकस, अ‍ॅपर्चर आणि कॅमेऱ्याचा कोन रात्री होता तोच ठेवायचा. कडांचा काळोख आणि सेन्सरवरची धूळ याने जाते. उरलेल्या उजेडाच्या चढ-उतारासाठी सिरिलचं बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन वापरा, पण नमुन्याचे चौकोन तेजोमेघापासून चांगले लांब ठेवा. एम 42 चं, म्हणजे याच तेजोमेघाचं, पसरणं पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट आहे. चौकोन जवळ पडला की सॉफ्टवेअर पंखांनाच पार्श्वभूमी समजून पुसून टाकतं.

मधला भाग बहुधा कॅमेऱ्यात जळलेला नसून स्ट्रेच करताना, म्हणजे अंधूक भाग उजळवताना, जळतोय. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल उघडून बघा. म्हणून आत्ताचे एक सेकंदाचे फोटो टाकून देऊ नका! पुढे 30 सेकंदांच्या फोटोंमध्ये मध्य नक्की जळेल, तेव्हा हेच मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) मधे बसवा. ट्रॅपिझियमचे, म्हणजे तेजोमेघाच्या मध्यातल्या छोट्या पुंजक्याचे, तारे यातूनच सुटे होतात.

पश्चिम_लंडनहून

ताई, घरूनच करा असं मलाही कळकळीने सांगावंसं वाटतं. तेजोमेघाचा पहिला फोटो न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी 30 सप्टेंबर 1880 ला काढला, तोही याच मृगाच्या तेजोमेघाचा. आणि 1883 च्या जानेवारीत अँड्र्यू कॉमन या हौशी माणसाने लंडनच्या ईलिंग उपनगरात, आपल्या घरामागच्या बागेत, 36 इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याचा असा फोटो काढला की डोळ्यांना न दिसणारे तारे प्लेटवर उमटले. पेशाने ते सांडपाण्याच्या कामाचे इंजिनिअर होते. पुढच्याच वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. ईलिंग माझ्या घरापासून बसने जाण्याइतकं जवळ आहे आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

इथे मृगाचा तेजोमेघ फार तर 33 अंश वर येतो, तुमच्याकडे 66. म्हणजे तुमच्या वाट्याला हवेचा थर इथल्या साधारण साठ टक्केच. एवढं आकाश परसातून मिळत असताना सोडू नका.

परसदार_रावेत

सगळ्यांचे मनापासून आभार. हूड आजच केला. लेन्समध्ये वाकून पाहिलं तर नाना म्हणाले तशी ठिणगी खरंच होती. आता ट्रॅकरच घेते. एकच शंका: ट्रायपॉड फरशीवर लावू की मातीत? फरशी दिवसभर तापते, आणि माती पाणी घातल्यावर भुसभुशीत होते.

नाना_चिंचवड

मातीतच लावा. शहाबादी फरशीचे तीन तुकडे मातीत घट्ट दाबून बसवा, त्यावर पाय ठेवा आणि जागेवर खडूने खुणा करून ठेवा. दुसऱ्या रात्री तिथेच मांडलं की उत्तर पुन्हा शोधायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी झाडांना पाणी सकाळीच घाला. रात्री ओल वर येते आणि मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं. दव धरू लागलं तर यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सला गुंडाळा, साध्या पॉवर बँकेवर चालतो.