ब्रिटनमधली रेल्वे फ्रँचायझी का फसली? आणि आपल्याकडे तसलं काही आणावं का?

कल्याणकर_८१
ब्रिटनच्या रेल्वेबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज. आमच्या ग्रुपवर सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते गाड्या चालवायला प्रायव्हेटला द्या, स्वच्छता येईल, वेळ पाळतील, सरकारचं ओझं कमी होईल. दुसरी म्हणते अरे ज्यांनी हे सुरू केलं तेच आता एकेक लाइन परत सरकारजमा करतायत, २०२५ च्या मे मध्ये साऊथ वेस्टर्न रेल्वे घेतली, मग सीटूसी, मग ग्रेटर अँग्लिया, आणि आपण कशाला त्याच खड्ड्यात उडी मारायची. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण फ्रँचायझी म्हणजे नेमकं देतात काय हेच कोणाला सांगता येत नाहीये, रूळ देतात का गाड्या का नुसता चालवायचा हक्क? आणि तोटा झाला तर कोणाच्या बोडक्यावर? मी रोज लोकलने जातो येतो, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता टाइमपासचा विषय नाही. तिकडे राहणाऱ्यांनी जरा सविस्तर लिहा.

यॉर्कवासी
मी बरीच वर्षं यॉर्कला आहे, माझी लाइन म्हणजे ईस्ट कोस्ट, लंडन किंग्ज क्रॉस ते एडिंबरा व्हाया पीटरबरो, डाँकास्टर, यॉर्क, न्यूकॅसल. फ्रँचायझीवरचा सगळ्यात मोठा वाद याच लाइनवर झालाय म्हणून हिचंच सांगते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. १९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेलचे तुकडे केले. रूळ, सिग्नल, स्टेशनं गेली रेलट्रॅककडे. डबे आणि इंजिनं गेली तीन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे. आणि गाड्या चालवायचा हक्क पंचवीसेक फ्रँचायझींमध्ये वाटून ठराविक वर्षांसाठी लिलावात दिला. म्हणजे यॉर्कच्या प्लॅटफॉर्मवर गाडी उभी असते ना, तिच्या खालचे रूळ एकाचे, डबे दुसऱ्याचे, आणि टीसीच्या कोटावरचं नाव तिसऱ्याचं. फ्रँचायझी कंपनीच्या मालकीचं तसं बघितलं तर फारसं काहीच नसतं, माणसं येतात ती पण आधीच्या कंपनीतलीच, आणि हातात असतो तो फक्त करार.

आता तोटा. ईस्ट कोस्ट ही कमावती लाइन, त्यामुळे इथे कंपनी सरकारला उलट पैसे देणार, त्याला प्रीमियम म्हणतात, आणि जो जास्त प्रीमियम कबूल करेल त्याचं पारडं जड. ही लाइन आधीपासून चालवणाऱ्या जीएनईआर कंपनीने २००५ मध्ये १० वर्षांत १३० कोटी पौंड द्यायचं कबूल करून करार परत मिळवला, दीडेक वर्षात त्यांची मूळ कंपनीच दिवाळखोरीत निघाली. मग नॅशनल एक्सप्रेस आली २००७ च्या डिसेंबरात, १४० कोटी पौंडांचं वचन, आणि लगेच पुढच्या वर्षी मंदी. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनीही हात वर केले. मग सरकारला स्वतःच लाइन चालवायला घ्यावी लागली, आणि त्या सरकारी कंपनीने पाचेक वर्षांत १०० कोटी पौंडांहून जास्त तिजोरीत भरले. चांगलं चाललं होतं. तरी २०१३ मध्ये सरकारने जाहीर केलं की आम्ही परत लिलाव करणार.

तेव्हा इथे फार मोठा वाद झाला. युनियनवाले, लेबर पार्टीवाले, साधे प्रवासी, सगळे विचारत होते की चालू आहे ते का मोडताय. आणि मला आजही राग येतो तो या गोष्टीचा की १९९३ च्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश सरकारी कंपनीला बोली लावायचीच परवानगी नव्हती. जी कंपनी लाइन चालवून पैसे भरत होती ती दाराबाहेर, आणि शेवटच्या तीन बोलीदारांत केओलिस आणि युरोस्टारची जोडी होती ज्यांच्यात फ्रान्सच्या सरकारी रेल्वेचा मोठा हिस्सा. म्हणजे फ्रान्सच्या सरकारला चालतं, आपल्याला नाही. शेवटी स्टेजकोच आणि व्हर्जिन या खाजगी कंपन्यांच्या जोडीला मिळाली, ९० टक्के स्टेजकोच, १० टक्के व्हर्जिन, ८ वर्षांत ३३० कोटी पौंड देऊ म्हणाले. १ मार्च २०१५ ला, म्हणजे मे मधल्या निवडणुकीच्या आधीच, ताबा दिला. जून २०१८ मध्ये तीही कोसळली. त्यांचं म्हणणं होतं की रुळांची जी सुधारणा ठरली होती ती नेटवर्क रेलने (रेलट्रॅकनंतर रूळ जिच्याकडे आले ती कंपनी) वेळेवर केली नाही, आणि त्यात थोडं तथ्य होतं, पण मुळात उत्पन्नाचे आकडेच फुगवलेले होते. आणि मूळ कंपनीची जबाबदारी करारात साधारण १६.५ कोटी पौंडांपर्यंतच होती. नफा झाला तर त्यांचा, बुडालं तर एवढं टाकून बाहेर, उरलेल्या वर्षांचं प्रीमियम कोण देणार तर कोणी नाही.

प्रवाशाला फरक काय पडला म्हणाल तर फारसा नाही. मी तेच डबे बघितले, ब्रिटिश रेलच्या काळातले, आधी गडद निळे, मग दुसरा रंग, मग लाल. आत बसल्यावर तेच टेबल, तेच सरकते दरवाजे. नवीन गाड्या आल्या त्या २०१९ मध्ये, आणि त्यांची ऑर्डर सुद्धा सरकारनेच हिताचीला दिली होती.

रेडिंगकर
ताई, तुमचं ईस्ट कोस्टबद्दलचं बरोबर आहे पण ती एका लाइनची गोष्ट झाली, त्यावरून सगळी पद्धतच टाकाऊ म्हणणं मला पटत नाही. १९९४-९५ मध्ये वर्षाला ७३-७४ कोटी प्रवास व्हायचे, कोविडच्या आधी ते १७० कोटींच्या पुढे गेले. सगळं श्रेय प्रायव्हेटचं नाही, लोकसंख्या वाढली, लंडनमधल्या नोकऱ्या वाढल्या, रस्ते तुंबले, मान्य. पण ब्रिटिश रेलच्या शेवटच्या काळात लाइनी कमी करायचीच भाषा असायची, वाढवायची नाही.

चिल्टर्नचं बघा. लंडन मेरिलबोन ते बर्मिंगहम. त्यांना २००२ पासून २० वर्षांचा करार मिळाला, आणि मुदत लांब म्हणून त्यांनी पैसे घातले, जी लाइन मधल्या काळात एकेरी करून टाकली होती ती परत दुहेरी केली, ऑक्सफर्डला बिस्टरमार्गे नवीन जोड दिली, २०१६ च्या डिसेंबरपासून मेरिलबोनहून ऑक्सफर्डला गाडी जाते. सात आठ वर्षांचा करार असलेली कंपनी असलं काम कशाला करेल, तिला तर नवीन टीव्ही स्क्रीन लावायला पण परवडत नाही कारण पैसे वसूल व्हायच्या आत करार संपतो. त्यामुळे माझं म्हणणं, दोष मालकाचा कमी आणि करार लिहिणाऱ्याचा जास्त. २०१२ मध्ये वेस्ट कोस्टचं, म्हणजे लंडन-ग्लासगो लाइनचं, काय झालं, फर्स्टग्रुप कंपनीला ऑगस्टमध्ये दिली, ती लाइन चालवणाऱ्या व्हर्जिनचा ब्रॅन्सन कोर्टात गेला, ऑक्टोबरमध्ये सरकारनेच कबूल केलं की आमच्या खात्याच्या हिशेबात चुका आहेत आणि सगळा लिलाव रद्द. ज्या खात्याला बोली तपासता येत नाही त्याला लाइन चालवता येईल कशावरून?

यॉर्कवासी
@रेडिंगकर चिल्टर्नचं मान्य, ते चांगलं काम आहे. पण २० वर्षांचा करार द्यायला सगळी सरकारं कचरतात कारण तेवढ्या वर्षांत काय होईल कोणालाच माहीत नसतं, आणि कोविडने तेच दाखवलं. मार्च २०२० मध्ये प्रवासी गायब झाले आणि सगळ्या कंपन्यांचा तोटा रातोरात सरकारने उचलला, सप्टेंबरमध्ये फ्रँचायझी पद्धत गुंडाळलीच. मंदी आली की सरकार, साथ आली की सरकार. मग जोखीम घेतो म्हणून जो नफा देतोय तो कशासाठी देतोय? आणि सुरक्षेचं विसरू नका. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफिल्डला रूळ तुटून गाडी घसरली, ४ माणसं गेली, रुळाला तडे आहेत हे आधी माहीत होतं. रेलट्रॅकने बरंचसं काम ठेकेदारांना दिलेलं, आपले रूळ कुठे कसे आहेत याचा नीट हिशेब त्यांच्याकडेच नव्हता. पुढच्या वर्षी रेलट्रॅक बुडाली आणि २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे गेले.

भुसावळ_जंक्शन
मी रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालो. आपल्याकडचं सांगतो कारण मूळ प्रश्न तोच आहे.

जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ प्रायव्हेट गाड्यांसाठी अर्ज मागवले होते, मार्गांचे १२ गट म्हणजे क्लस्टर, ३५ वर्षांचा करार, ३० हजार कोटींची गुंतवणूक येईल असा अंदाज. गाडी कंपनीची, ड्रायव्हर आणि गार्ड आमचेच, भाडं ठरवायचं कंपनीने, रूळ वापरायचे पैसे आणि उत्पन्नातला वाटा रेल्वेला. सुरुवातीला नावं भरपूर आली. पण २०२१ मध्ये प्रत्यक्ष बोली उघडल्या तेव्हा फक्त ३ क्लस्टरसाठी बोली, आणि बोली लावणारे दोनच, त्यातली एक आयआरसीटीसी म्हणजे रेल्वेचीच कंपनी. विषय तिथेच मिटला.

आता का आले नाहीत? तुमचं जुनं तिकीट काढून बघा. त्यावर छापलेलं असायचं की प्रवासाच्या खर्चातले सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून रेल्वे अर्ध्या खर्चात माणूस नेतेय, तिच्याशी प्रायव्हेटवाला भाड्यात टक्कर कशी घेणार? आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, वाट कोणाला द्यायची हे कंट्रोल ऑफिस ठरवणार आणि कंट्रोल रेल्वेचं. मी किती वेळा लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, मालगाडी घेऊन बसलोय, मागून सुपरफास्ट काढायची म्हणून. त्या जागी प्रायव्हेटची गाडी उभी केली आणि लेट झाली तर दंड कोणाचा? ब्रिटनमध्ये निदान सरकारपासून वेगळा रेल्वे रेग्युलेटर आहे, कंपनी त्याच्याकडे दाद मागू शकते. आपल्याकडे रेल डेव्हलपमेंट अथॉरिटीला २०१७ मध्ये कॅबिनेटने मंजुरी दिली आणि ती उभीच राहिली नाही. स्पर्धक पण रेल्वे, रुळांची मालक पण रेल्वे, न्याय करणारी पण रेल्वे. अशा ठिकाणी कोण शहाणा माणूस ३५ वर्षांसाठी पैसे अडकवेल?

विदर्भातल्या पोरांसाठी अजून एक. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला, ती लाइन स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं एका इंग्रज काळातल्या कंपनीच्या मालकीची होती. गाडी आणि माणसं रेल्वेची, मालकी त्यांची, करारावर करार वाढवत गेले आणि रुळांवर पैसा कोणीच घातला नाही. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. शेवटी रूळ इतके खराब झाले की गाडीच बंद पडली. आमच्या भागातल्या गरीब माणसाला एसटीपेक्षा स्वस्त तीच गाडी होती हो. देखभाल कोणाची हे लिहून न घेता करार केला की तोटा शेवटी तिथल्या माणसाचा होतो.

कल्याणकर_८१
काका, ताई, रेडिंगकर, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणजे टोलनाक्याच्या ठेक्यासारखंच झालं की, बोली चढवून घ्यायची आणि गाड्या कमी आल्या की भरपाई मागायची. पण मग एक सांगा, सरकारी ठेवून प्रायव्हेटकडून काम करून घ्यायचा मधला मार्ग काही नाहीच का? कारण आमच्या लाइनवर सरकारीच आहे आणि गर्दीत लोक दारातून पडतायत, त्याचं उत्तर 'सरकारीच राहू द्या' एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

यॉर्कवासी
आहे की. लंडनच्या लोकल, म्हणजे लंडन ओव्हरग्राउंड, २००७ पासून तशाच चालतात, एलिझाबेथ लाइन पण. त्याला इथे कन्सेशन म्हणतात. भाडं, टाइमटेबल, गाड्यांची संख्या सगळं लंडनची वाहतूक संस्था ठरवते, तिकिटाचे पैसे तिच्याकडेच जातात. खाजगी कंपनी फक्त चालवते आणि ठरलेली फी घेते, गाडी लेट, स्टेशन घाण, की फी कापली. त्यामुळे प्रवासी किती येतील याचे फुगवलेले आकडे देऊन बोली जिंकायचा प्रश्नच येत नाही. ओव्हरग्राउंड व्हायच्या आधी त्यातल्या काही लाइनींवर रात्री उतरायला लोक घाबरायचे, आता पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत स्टेशनवर माणूस असतो.

रेडिंगकर
यावर माझं आणि ताईंचं एकमत. फक्त त्यासाठी वरती करार वाचणारी, दंड लावणारी, रोज आकडे तपासणारी हुशार संस्था लागते, आणि तिच्या हातात स्वतःचे पैसे लागतात. लंडनला ती आहे.

भुसावळ_जंक्शन
आणि कल्याणकर, तुमच्या लाइनचं दुखणं वेगळं आहे बाळा. त्याच रुळांवर लोकल, मेल-एक्सप्रेस, मालगाडी सगळं. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे आणि कर्जतकडे जास्तीच्या लाइनी पडल्याशिवाय गाड्या वाढणार नाहीत, मग चालवणारा कोणीही असो. तुमच्या ग्रुपवर मागणी करायचीच असेल तर आधी त्या लाइनींची करा.