संदर्भसूचीची मांडणी: लेखकाची जबाबदारी की नियतकालिकाची?

धागाकर्ता

आमच्या शोधनिबंधात ४२ संदर्भ आहेत, आणि निबंधातला एकही निष्कर्ष न बदलता त्यांची सूची आम्हाला तीन वेळा नव्याने मांडावी लागली. पहिल्या नियतकालिकाला व्हँकुव्हर पद्धत हवी होती, म्हणजे सहा लेखकांची नावे, त्यापुढे ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’) आणि पृष्ठक्रमांक २८४-७ असे आखूड. दुसऱ्याला एएमए, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पद्धत हवी होती. तिच्यात लेखक सहापेक्षा जास्त असतील तर पहिल्या तिघांचीच नावे द्यायची, नियतकालिकाचे नाव तिरप्या अक्षरांत लिहायचे, पृष्ठे २८४-२८७ अशी पूर्ण द्यायची आणि मजकुरातला संदर्भक्रमांक ओळीच्या वर बारीक अंकांत टाकायचा. तिसऱ्याचे नियम या दोहोंचे मिश्रण होते.

वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे एकत्र आले, ते लेखकांसाठी एकसारखे नियम असावेत म्हणूनच. १९७९ मध्ये ते नियम प्रसिद्ध झाले आणि त्याच गटातून पुढे आंतरराष्ट्रीय संपादक समिती, म्हणजे आयसीएमजेई, उभी राहिली. इतक्या वर्षांनंतरही निबंध स्वीकारला जाणार की नाही हे ठरण्याआधीच लेखकाने स्वल्पविराम आणि पूर्णविराम हलवत बसावे, हे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या सादरीकरणात कोणतीही एक सुसंगत पद्धत चालावी, प्रत्येक संदर्भाला डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक) किंवा पबमेड या वैद्यकीय निबंधसूचीतला क्रमांक जोडलेला असावा, आणि त्या नियतकालिकाची खास मांडणी निबंध स्वीकारल्यानंतर व्हावी, असे माझे मत आहे.

एका नियतकालिकाचे मानद संपादक

आपला त्रास मी समजू शकतो, पण आपल्या प्रस्तावाशी सहमत नाही. माझ्याकडे हस्तलिखित येते तेव्हा मी संदर्भसूची सर्वांत आधी पाहतो. क्रमांक मजकुरात आले त्या क्रमाने आहेत का, नियतकालिकांची संक्षिप्त नावे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या सूचीप्रमाणे आहेत का, एकाच निबंधाला चुकून दोन क्रमांक तर पडलेले नाहीत ना, एवढ्यावरूनही लेखकाने हस्तलिखित शेवटचे किती काळजीने वाचले आहे याचा अंदाज येतो. ज्याची सूची विस्कळीत असते, त्याच्या तक्त्यांतल्या बेरजाही मी अधिक बारकाईने तपासतो, आणि तिथे चुका सापडल्याचा अनुभव मला अनेकदा आला आहे.

शोधछात्रा

झोटेरो किंवा एंडनोट यांसारखे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरल्यास पद्धत बदलणे हे काही मिनिटांचे काम आहे, त्यामुळे हा वाद आता फारसा उरलेला नाही, असे मला वाटते.

वैद्यकीय ग्रंथपाल

हे अर्धेच खरे आहे. सॉफ्टवेअर पद्धत बदलते, नोंद दुरुस्त करत नाही. आत घेतलेल्या नोंदीत आडनावाच्या जागी पहिले नाव पडले असेल किंवा अंकाचा क्रमांक गळला असेल, तर ती चूक प्रत्येक पद्धतीत तितक्याच नीटनेटकेपणाने उतरते.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. मांडणी म्हणजे केवळ विरामचिन्हे नव्हेत, तिच्यात माहितीही असते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९८० साली पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांमध्ये व्यसनाधीनतेची पक्की नोंद आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. याच नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार त्या पत्राचा ६०८ वेळा संदर्भ दिला गेला होता. त्यांपैकी बहुसंख्य लेखकांनी व्यसन क्वचितच जडते याचा पुरावा म्हणून ते वापरले होते, आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट बहुतेकांनी नमूद केली नव्हती. आयसीएमजेईच्या नमुन्यांत अशा लेखनाच्या शीर्षकानंतर चौकटी कंसात ‘पत्र’ असे लिहिण्याची सोय आहे. तो शब्द लिहिला असता आणि पृष्ठक्रमांकाच्या जागी एकच आकडा आहे याकडे लक्ष गेले असते, तर आपण अभ्यासाचा नव्हे तर एका छोट्या पत्राचा आधार घेत आहोत, हे लेखकाला आणि वाचकाला तिथेच कळले असते. म्हणून मांडणीला क्षुल्लक मानण्यास माझा विरोध आहे.

धागाकर्ता

ग्रंथपालांचे उदाहरण मला पूर्णपणे पटते, पण त्यावरून मी वेगळा निष्कर्ष काढतो. त्या उदाहरणात ज्या दोन गोष्टी उपयोगी पडल्या असत्या, म्हणजे लेखनाचा प्रकार आणि पृष्ठांची संख्या, त्या कोणत्याही सुसंगत पद्धतीत देता येतात. त्यांच्यासाठी नियतकालिकाचे नाव तिरपे करावे लागत नाही.

निर्दोष मांडणी फसवूही शकते. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखक-मार्गदर्शिकेत नमुना म्हणून दिलेला, प्रत्यक्षात कधीही न लिहिला गेलेला शोधनिबंध शेकडो प्रकाशित लेखांच्या संदर्भसूचीत खरा म्हणून आढळला होता. नमुना प्रमाण पद्धतीत होता, म्हणूनच तो कोणाच्या नजरेला खटकला नाही. आता यांत्रिक लेखन-साधने अस्तित्वातच नसलेले संदर्भ अगदी बिनचूक मांडणीत तयार करून देतात, त्यामुळे मांडणी नीट आहे म्हणजे लेखकाने काळजी घेतली आहे, हे संपादक महोदयांचे अनुमान पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही.

लेखकाकडून कष्ट मागायचेच असतील तर ते पडताळणीचे मागावेत. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एकत्रित (एमएमआर) लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, पण कोणाच्या संगणकात त्याची जुनी नोंद असेल तर तिच्यावर तसा शिक्का आपोआप असेलच असे नाही. मागे घेतलेला निबंध आपण आधार म्हणून देत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आयसीएमजेईच्या शिफारशींनी लेखकावर टाकली आहे. त्या तपासणीला आम्ही दोन संध्याकाळी दिल्या, आणि त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.

एका नियतकालिकाचे मानद संपादक

मागे घेतलेल्या निबंधांबाबत आणि बनावट संदर्भांबाबत आपण म्हणता ते मला मान्य आहे, आणि डीओआय प्रत्येक नोंदीत मागण्याची सूचना मी आमच्या मंडळापुढे ठेवीन. मात्र ‘स्वीकारल्यानंतर मांडणी व्हावी’ या वाक्यात ती कोणी करावी हे आपण सांगितलेले नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थांकडे त्यासाठी पगारी प्रतसंपादक असतात. आमच्याकडे रुग्णसेवा संपवून रात्री बसणारे तीन डॉक्टर आहेत आणि प्रत्येक अंकात साधारण बारा निबंध असतात. लेखकाच्या खांद्यावरून उतरवलेले ओझे आमच्यापैकीच कोणीतरी उचलणार असते.

धागाकर्ता

माझ्या वाक्यात संदिग्धता राहिली, हे मी मान्य करतो. स्वीकारल्यानंतरची मांडणीही लेखकानेच करावी, एका आठवड्याच्या मुदतीत, आणि तोवर निबंध छपाईला जाऊ नये. माझा आक्षेप श्रमांना नाही, ते कोणत्या टप्प्यावर मागितले जातात याला आहे. नाकारल्या जाणाऱ्या निबंधासाठी ते मागू नयेत.

वैद्यकीय ग्रंथपाल

या टप्प्याला माझी हरकत नाही, पण लेखनाचा प्रकार आणि मागे घेतल्याची नोंद या दोन गोष्टी पहिल्याच सादरीकरणात सक्तीच्या हव्यात. समीक्षक निबंध वाचतात ते त्याच वेळी, आणि पुराव्याचे वजन त्यांना तेव्हाच ठरवायचे असते.