शब्दचर्चा : ‘आगमनकाळ’, ‘अपेक्षा’ आणि ‘वाट पाहणे’

प्रश्न (मुद्रितशोधक, नाशिक)

नाशिकरोड भागातील एका कॅथलिक धर्मग्रामाची (म्हणजे पॅरिशची) डिसेंबर महिन्याची चार पानी पत्रिका माझ्या शेजाऱ्यांनी मुद्रितशोधनासाठी माझ्याकडे दिली आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. छापखान्यांची मुद्रिते तपासण्यात उमेदीची वर्षे गेली, एवढाच माझा अधिकार. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त करून झाल्या आहेत, परंतु चार ठिकाणी लेखणी अडली असून तेथे शब्द बदलावा की ठेवावा, हे मला एकट्याने ठरवता येत नाही.

पहिला शब्द ‘आगमनकाळ’. नाताळपूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांना पत्रिकेत हे नाव दिले आहे. आपल्याकडे ‘आगमन’ म्हटले की भाद्रपदात ढोलताशांच्या गजरात मंडपात येणारी गणेशमूर्ती तरी आठवते, नाहीतर रेल्वेच्या वेळापत्रकातले ‘आगमन’ आणि ‘प्रस्थान’ हे रकाने तरी. दोन्हीकडे आगमन ही एका वेळेला घडून संपणारी गोष्ट आहे. ती चार आठवडे कशी चालावी? दुसरे स्थळ म्हणजे ‘हा आनंदी अपेक्षेचा काळ आहे’ हे वाक्य. व्याकरणाने त्यात काही चूक नाही, तरी ते कानाला खटकते. तिसरे, ‘पहिल्या रविवारी वेदीजवळ पुष्पचक्र ठेवण्यात येईल’ असे एका सूचनेत छापले आहे. ते वाचून मी शेजाऱ्यांना कोणाचे निधन झाले असे विचारले आणि ते हसू लागले. चौथे, एकाच परिच्छेदात ‘नाताळची तयारी’ आणि ‘प्रभूचा मार्ग सिद्ध करा’ असे दोन्ही प्रयोग आहेत. ते एकसारखे करावेत काय?

प्रतिसाद (धर्मशिक्षण वर्गाची शिक्षिका, नाशिकरोड)

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर शब्दापेक्षा उपासनेच्या पंचांगात अधिक सापडते, म्हणून आधी तेवढे सांगते. ज्याला इंग्रजीत ॲडव्हेंट म्हणतात, तो काळ नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा असतो. त्याचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरला, अर्थात संत आंद्रेयाच्या सणाला, सर्वांत जवळ येणारा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान केव्हाही येऊ शकतो. त्यामुळे या काळाची लांबी दरवर्षी सारखी नसते. २०२२ साली तो २७ नोव्हेंबरला सुरू झाल्याने पूर्ण २८ दिवसांचा होता, तर २०२३ साली ३ डिसेंबरला सुरू होऊन २२ दिवसांतच संपला आणि चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरलाच आला. त्या दिवशी सकाळी आगमनकाळाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रात्री नाताळची, अशी आमच्या गायकवृंदाची चांगलीच तारांबळ उडाली होती. चर्चचे उपासनावर्षही याच रविवारी सुरू होते, हे पुष्कळ ख्रिस्ती मंडळींच्याही लक्षात नसते. आमच्या वर्गातली मुले नववर्ष म्हणजे १ जानेवारी असेच सांगतात.

आता मुख्य मुद्दा. या काळात स्मरण दोन आगमनांचे होते. एक बेथलेहेममध्ये होऊन गेलेले, ज्याचा उत्सव २५ डिसेंबरला होतो, आणि दुसरे अजून व्हायचे असलेले, म्हणजे युगान्ती ख्रिस्ताचे पुन्हा येणे. पहिल्या रविवारी वाचले जाणारे शुभवर्तमान गोठ्याविषयी किंवा मेंढपाळांविषयी मुळीच नसते. ते या दुसऱ्या येण्याविषयी असते आणि त्यातली आज्ञा ‘जागृत राहा’ अशी असते. पाळण्यातले बाळ पाहण्याच्या तयारीने आलेल्या माणसाला हे वाचन अनपेक्षित वाटते. १७ डिसेंबरपासून मात्र वाचने येशूच्या जन्माकडे वळतात. घडून गेलेले आगमन आणि व्हायचे असलेले आगमन यांच्या मधल्या अंतराला जर नाव द्यायचे असेल, तर ‘काळ’ हे उत्तरपद जोडणे मला योग्य वाटते. ‘आगमन’ आपण म्हणता तसे क्षणाचे असेल. आम्ही जगतो ते मात्र त्या दोन क्षणांच्या मध्ये.

एक गल्लत टाळावी. आमच्याही काही पत्रिकांत या काळाला सरसकट ‘प्रायश्चित्ताचा काळ’ म्हटलेले आढळते. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे महिमागीत गायले जात नाही, आणि नाताळपूर्वी पापांची कबुली देण्यासाठी रांगा लागतात, म्हणून तसा समज होतो. परंतु ‘प्रायश्चित्तकाळ’ हे नाव ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांना दिलेले आहे. त्या काळात ‘आलेलुया’ हा जयघोषही थांबतो. आगमनकाळात तो चालू असतो. तिसऱ्या रविवारी तर जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालण्याची मुभा आहे, कारण त्या दिवसाचे प्रवेशगीतच मुळी ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ या संत पौलाच्या वचनावर आधारलेले आहे. आमच्या धर्मग्रामात गुलाबी वस्त्रांचा एकच जोड असून तो वर्षातून दोनदाच कपाटाबाहेर निघतो.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, पंचवटी)

ताईंनी पंचांग स्पष्ट केले, मी केवळ शब्दांपुरते बोलतो. लॅटिनमधील ‘आद्वेंतुस’ हा शब्द ‘आद्’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘वेनिरे’ म्हणजे ‘येणे’ यांपासून झालेला आहे. आपल्या ‘आगमन’ शब्दाची घडण त्याच्याशी जुळणारी आहे, एवढेच की आपल्याकडे ‘गम्’ म्हणजे मुळात जाणे आणि ‘आ’ हा उपसर्ग त्या जाण्याची दिशा फिरवून ते येणे करतो. रोमन जगात सम्राट एखाद्या नगरीत समारंभाने प्रवेश करी, त्यालाही ‘आद्वेंतुस’ म्हणत. नगरजन वेशीबाहेर सामोरे जात, रस्ते सजवले जात. म्हणजे आपल्याला ‘आगमन’ शब्दाने गणपतीची मिरवणूक आठवली, ती काही अस्थानी आठवण नव्हे.

कोणी ‘आगमनपर्व’ असा पर्याय सुचवील, म्हणून आधीच हरकत नोंदवतो. ‘पर्व’ म्हणजे मुळात पेर, सांधा, आणि नाशिककराच्या कानाला तर ‘पर्व’ आणि ‘पर्वणी’ हे शब्द सिंहस्थाशी इतके घट्ट चिकटलेले आहेत की त्यांतून ठरावीक तिथीचे स्नानच सूचित होते. ‘काळ’ साधा आहे, तोच राहू द्यावा.

आपल्या दुसऱ्या शंकेकडे मात्र मी अधिक आस्थेने पाहतो, कारण खरी चूक तेथे आहे. कॅथलिक चर्चने १९६९ साली उपासनावर्षाविषयी जे सर्वसाधारण नियम प्रसिद्ध केले, त्यांत या काळाचे वर्णन भक्तिपूर्ण व आनंददायी ‘एक्स्पेक्तातियो’चा काळ असे केलेले आहे. हाच शब्द इंग्रजीत गेला आणि इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याने कोशातला पहिला अर्थ उचलून ‘अपेक्षा’ लिहिले, असे दिसते. मराठीत मात्र अपेक्षा ‘ठेवली’ जाते, ‘पुरी केली’ जाते किंवा तिचा ‘भंग’ होतो. मुलाकडून गुणांची अपेक्षा असते, सरकारकडून पाण्याची असते. अपेक्षेत समोरच्यावर टाकलेले एक ओझे असते. लॅटिन शब्दात तसे काही नाही. त्याचा अवयवार्थ ‘बाहेर डोळे लावून पाहणे’ असा आहे. त्याच्याशी जुळणारा आपला शब्द ‘प्रतीक्षा’. ‘प्रति’ अधिक ‘ईक्ष्’, म्हणजे कोणाच्या तरी दिशेने पाहणे. अपेक्षेतही ‘ईक्ष्’ हाच धातू आहे, हे खरे. परंतु शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवर नव्हे तर वापरावर ठरतो आणि मराठीच्या वापराने या दोन बहिणींना केव्हाच वेगवेगळ्या घरी दिलेले आहे.

याही पुढे जाऊन माझे मत असे आहे की ‘प्रतीक्षा’ शब्द मथळ्यात शोभतो, पण वाक्यात ‘वाट पाहणे’ यावे. भाविकांसाठी लिहिताना घरगुती क्रियापद टाळण्याचे कारण नाही. आणि येथे तर मराठीने एक देणगीच दिलेली आहे. योहान बाप्तिस्मा करणारा अरण्यातून घोषणा करतो, तेव्हा तो यशया संदेष्ट्याचे जे वचन सांगतो, ते मराठी बायबलात ‘परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा, त्याच्या वाटा नीट करा’ असे आहे. दुसऱ्या रविवारी हे शुभवर्तमान वाचले जाते ना? मग जो वाट पाहतो, त्यालाच वाट नीट करायला सांगितले आहे, हे मराठी वाचकाला एका शब्दात कळते. इंग्रजीत ‘थांबणे’ आणि ‘रस्ता’ यांचा असा संबंध नाही. भाषांतरकाराने तो हातचा का सोडावा?

चौथ्या शंकेचे उत्तरही येथेच मिळते. ‘सिद्ध’ आणि ‘तयारी’ एकसारखे करू नयेत. करंज्या, रोषणाई, गोठ्याची सजावट, मुलांची नाटुकली यांची ‘तयारी’ होते. अंतःकरणाची ‘सिद्धता’ होते. दोन शब्द हाताशी असताना पत्रिकेने दोन्ही वापरले आहेत आणि माझ्या मते बरोबर वापरले आहेत.

प्रतिसाद (मूळचे वसईचे, सध्या नाशिक)

पुष्पचक्राच्या बाबतीत मुद्रितशोधकांचा काहीही दोष नाही. हुतात्मा स्मारकावर, पार्थिवावर, समाधीवर ‘पुष्पचक्र अर्पण’ केले जाते. वृत्तपत्रांनी त्या शब्दाला दुसरा अर्थ शिल्लकच ठेवलेला नाही. शिवाय वस्तू म्हणून पाहिले तरी या कड्यात फुले नसतात. हिरव्या डहाळ्यांचे ते एक कडे असते आणि त्यावर चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक अधिक पेटवली जाते. आमच्याकडे सुरूच्या झाडाच्या डहाळ्या वापरतात आणि त्या चौथ्या रविवारपर्यंत वाळून पिवळ्या पडतात, म्हणून मध्ये एकदा बदलाव्या लागतात.

ही प्रथा फार जुनी नाही आणि मूळची कॅथलिकही नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिक विखर्न या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने १८३९ साली आपल्या आश्रमातील गरीब मुलांना नाताळला किती दिवस राहिले हे दिसावे, म्हणून गाडीच्या लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, तेथून ती पसरली. मुळात ते चाकच होते, तेव्हा ‘चक्र’ ठेवून ‘पुष्प’ काढावे आणि ‘आगमनचक्र’ लिहावे, असे मी सुचवतो. बोलताना मात्र आमच्या घरी सगळेच ‘रीथ’ म्हणतात आणि मुले ‘आज कितवी मेणबत्ती?’ एवढेच विचारतात.

विषय निघालाच आहे तर ‘गव्हाण’ शब्दाविषयीही लिहितो. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला ‘गव्हाणीत ठेवले’ असे आहे. नाशिक शहरात वाढलेल्या आमच्या मुलांनी गुरांना वैरण घालण्याची गव्हाण पाहिलेली नाही. त्यांना हा शब्द ठाऊक आहे तो साखर कारखान्याच्या बातमीतून, कारण गळीत हंगाम सुरू होताना ‘गव्हाणीत मोळी टाकली’ असे दरवर्षी छापून येते आणि तो हंगामही साधारण याच सुमारास असतो. एका मुलाने येशूला उसाच्या यंत्रात का ठेवले, असे विचारल्यावर आमच्याकडच्या फादरांना पुढचे प्रवचन गव्हाण म्हणजे काय यावरच द्यावे लागले. तेव्हा पत्रिकेत ‘रिकामी गव्हाण’ असे जेथे आले आहे, तेथे अर्ध्या ओळीचा खुलासा असावा. ती गव्हाण २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत मुद्दाम रिकामी ठेवतात. कोणी एखादे सत्कृत्य केले की मुलाने त्यात गवताची एक काडी टाकायची, म्हणजे बाळाचे अंथरूण तयार होत जाते.

‘नाताळ’ शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि इतका रुळला की त्याबद्दल चर्चा नको. फक्त एक आग्रह. १ डिसेंबरपासून दुकानांत ‘नाताळ’ सुरू होतो, तो व्यापाराचा. चर्चच्या हिशेबात नाताळचा काळ २४ तारखेच्या संध्याकाळी सुरू होऊन जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. पत्रिकेने पहिल्या पानावर ‘नाताळचे चार रविवार’ असे लिहिले असेल, तर ते बदलावे.

प्रतिसाद (वाचक, सिडको)

‘ख्रिस्ती चातुर्मास’ असा शब्द केला तर अन्य वाचकांना चटकन समजेल, असे वाटते.

प्रतिसाद (धर्मशिक्षण वर्गाची शिक्षिका, नाशिकरोड)

हेतू चांगला आहे, परंतु चारचा आकडा सोडला तर साम्य फारसे उरत नाही. चातुर्मास चार महिन्यांचा आणि व्रतांचा असतो. एके काळी गॉल प्रांतात (आजच्या फ्रान्सच्या भागात) संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करीत असत. त्या काळी आपली उपमा थोडी लागू पडली असती. आज आगमनकाळात असा कोणताही नेमलेला उपवास नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ‘आगमनकाळ’ तसाच ठेवला आहे. ‘आनंदी अपेक्षेचा काळ’ या जागी ‘आनंदाने वाट पाहण्याचा काळ’ असे केले आणि लगेच पुढच्या ओळीत ‘त्याच्या वाटा नीट करा’ हे वचन आणून ठेवले. पुष्पचक्राचे आगमनचक्र झाले. गव्हाणीपुढे ‘गुरांना चारा घालण्याची’ एवढे शब्द घातले. ‘नाताळचे चार रविवार’ असे पहिल्या पानावर नव्हते, तिसऱ्या पानावर होते, तेही काढले.

मुद्रित परत देताना शेजाऱ्यांच्या मातोश्री तेथे बसल्या होत्या. त्यांना ‘आगमनकाळ’ वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या तोंडी हा शब्द कधीच नव्हता. त्या नुसतेच ‘रविवार लागले’ म्हणतात. श्रावण लागतो, अधिक लागतो, तसे हे रविवार लागतात, आणि कोणते रविवार हे घरात सांगावे लागत नाही. शेजाऱ्यांना तो प्रयोग मथळ्यात हवा होता. मी तो पहिल्या परिच्छेदात, त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत घातला आहे आणि मथळ्यात ‘आगमनकाळ सुरू होत आहे’ असे ठेवले आहे.